मोटर आली, पट्टे तसेच राहिले

१८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. निकोला टेस्लाच्या विजेच्या मोटरीचे पेटंट १८८८ चे. म्हणजे १८९० च्या सुमारास कारखाना विजेवर चालवायला लागणारे सगळे सामान हाताशी होते. तरीही १९०० साली अमेरिकेतल्या कारखान्यांत यंत्रे फिरवणाऱ्या एकूण ताकदीपैकी ५ टक्केसुद्धा विजेच्या मोटरींची नव्हती. निम्म्यापर्यंत पोचायला १९२० उजाडले. शिवाय ज्यांनी हौसेने लवकर मोटरी बसवल्या, त्यांच्याही वहीखात्यात बरीच वर्षे फारसा फरक पडला नाही.

असे का झाले, हे कळायला वाफेवरच्या कारखान्यात डोकवावे लागते. तळाशी एकच अवाढव्य इंजिन. त्याच्या चाकावरून निघालेले जाड दोर नाहीतर चामड्याचे पट्टे वरच्या मजल्यांवर गेलेले. प्रत्येक मजल्यावर छताखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फिरणारा पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट. त्या शाफ्टवर ओळीने पुल्या, म्हणजे पट्ट्यांची चाके, आणि एकेका पुलीवरून एकेक पट्टा खाली यंत्रापर्यंत आलेला. दहा यंत्रे चालू असोत की शंभर, शाफ्ट दिवसभर फिरतच राही. बेअरिंगांना सारखे तेल द्यावे लागे आणि ते खालच्या मालावर, माणसांवर ठिबके. पट्ट्यांच्या गर्दीत उजेड अडे, धूळ उडे. एखादा मुख्य पट्टा तुटला की अख्खा मजला हात बांधून बसे. इंजिनाच्या ताकदीचा तिसरा हिस्सा, कुठे कुठे त्याहूनही जास्त, नुसता हा पसारा फिरवण्यातच जाई.

कारखान्याची इमारतही शाफ्टच्या सोयीने बांधलेली असे. शाफ्ट जितका लांब तितके घर्षण जास्त, म्हणून कारखाना आडवा पसरण्याऐवजी मजल्यांवर मजले चढवून इंजिनाच्या आसपास राही. छताला टनावारी लोखंड टांगायचे, म्हणून भिंती आणि तुळया भक्कम. यंत्रेही कामाच्या क्रमाने लावता येत नसत. ज्याला जास्त ताकद लागते ते शाफ्टच्या जवळ, बाकीची मागे. मग कच्चा माल या मजल्यावरून त्या मजल्यावर आणि पुन्हा खाली अशा फेऱ्या मारत राही. हे गैरसोयीचे आहे असे तिथे कोणाला वाटतही नसणार. कारखाना म्हटला की तो असाच असायचा.

अशा ठिकाणी वीज आली तेव्हा मालकांनी काय केले? इंजिन काढले आणि त्या जागी मोठी मोटर बसवली. शाफ्ट तेच, पुल्या त्याच, पट्टे तेच. थोडा कोळसा वाचला असेल, बॉयलरची कटकट गेली असेल, बस्स. जरा पुढचे पाऊल टाकणाऱ्यांनी एका मोठ्या मोटरीऐवजी दहा-पंधरा यंत्रांच्या गटाला एक मोटर दिली. शाफ्ट आखूड झाले, घर्षण कमी झाले, एक गट बंद पडला तरी बाकीचे चालू राहू लागले. दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया मिल्स या कापडगिरणीने १८९४ सालीच मोटरी छताला उलट्या टांगून जमीन मोकळी ठेवली होती. पण ती गिरणी नवी होती, कोऱ्या कागदावर आखलेली. जुन्या गिरणीत हे करायचे तर आधी इमारतीशीच भांडावे लागे.

या मालकांना जुनाट डोक्याचे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. आणखी वीस वर्षे सहज चालेल असे इंजिन धडधडत असताना, ज्याचे पैसे केव्हाच वसूल झाले ते मोडीत काढून नवी इमारत बांधायची आणि तेवढ्या काळात उत्पादन बंद ठेवायचे, हा हिशेब कोणत्याही मुनीमाने फेटाळला असता. त्यातून त्या काळी वीज काही स्वस्त नव्हती. विजेला खरा हात दिला तो नव्याने उभ्या राहणाऱ्या धंद्यांनी: तंबाखू, धातुकाम, वाहने, खुद्द विजेची उपकरणे. त्यांना मोडायला काही नव्हतेच. छापखान्यांनाही ती लवकर रुचली. कागदावर तेलाचा थेंब पडून चालत नाही आणि यंत्राची गती कमीजास्त करावी लागते.

खरा बदल झाला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली तेव्हा. मोटरीला फक्त तार लागते, आणि तार कोपऱ्यातून, जमिनीखालून, कशीही वळवून नेता येते. एकदा हे उमगल्यावर कारखान्याचा नकाशाच नव्याने काढता आला. एकमजली हलक्या शेड, छतातून येणारा उजेड, डोक्यावर पट्ट्यांच्या जागी माल उचलणाऱ्या क्रेन आणि कामाच्या क्रमाने लावलेली यंत्रे. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ साली सरकती जुळणी (असेंब्ली लाइन) सुरू झाली आणि गाडीचा सांगाडा जोडण्याचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. गंमत म्हणजे तिथेही डोक्यावर पट्ट्यांचे जंगल होतेच. फरक इतकाच, की शाफ्टच्या मर्जीने यंत्रे लावण्याचे दिवस संपले होते. आता कामाचा क्रम आधी ठरे आणि शाफ्ट-मोटरींची सोय त्यामागून होई.

हा सगळा इतिहास अर्थतज्ज्ञांना आठवला तो संगणकामुळे. संगणक युग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असा टोमणा अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली मारला होता. त्यावर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० साली विजेच्या मोटरीचा दाखला दिला. १९२० च्या दशकात अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेने एकदम उचल खाल्ली. डेव्हिड यांच्या हिशेबाने त्या उसळीतला जवळपास निम्मा वाटा कारखान्यांतल्या मोटरींच्या वाढीशी जुळतो. पर्ल स्ट्रीटनंतर चाळीस वर्षांनी! डेव्हिड यांची ही तुलना तंतोतंत जुळते असे नाही, पण आपल्याकडची कार्यालये पाहिली की ती पटू लागते. ई-मेलने आलेल्या पत्राची प्रिंट निघते, ती फाईलला लागते, टेबलामागून टेबल ओलांडत तिच्यावर सह्या आणि शिक्के होतात, शेवटी ती स्कॅन होऊन पुन्हा ई-मेलने जाते. इंजिन बदलले, शाफ्ट तोच. गटाला एक मोटर इथवर तरी आपण आलो आहोत का, याची मला शंका आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत वीज आधी शिरली ती दिव्यांच्या रूपात. तोवर गिरणीचा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत असे. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे लागले आणि अंधाराचा अडसर गेला. कापडाला मागणी होती, मालकांनी कामाचा दिवस १४-१५ तासांवर नेला. साचे, म्हणजे गिरणीतले माग, तेच आणि माणसेही तीच, वाढला तो फक्त घाम. कामगारांचा असंतोष, मग चौकशी आयोग, आणि अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली. नव्या तंत्राचा पहिला उपयोग बहुधा असाच, सर्वांत कमी डोके लागणारा होतो.

यंत्रांसाठीची वीज आली १९१५ साली. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी पाचशे मीटरहून खाली घाटपायथ्याला खोपोलीत आणून टाटांनी वीजकेंद्र सुरू केले ते मुख्यतः गिरण्यांसाठी. कोळसा लांबून, बंगालच्या खाणींतून येई. त्याचा खर्च आणि धूर दोन्ही वाचणार होते. पण गिरणगाव तोवर बांधून झाले होते. कताई मजल्यांवर, धक्क्यांनी इमारत हादरते म्हणून विणकाम तळच्या शेडमध्ये, जोडीला इंजिनघर आणि चिमणी. मोटरी आल्या तरी मजले, खांब आणि जिने जिथल्या तिथेच होते.

यंत्रागणिक मोटर या कल्पनेचा पुरता फायदा आपल्याकडे उठवला तो गिरण्यांबाहेरच्या लोकांनी. मागाला स्वतःची छोटी मोटर मिळाल्यावर त्याला इंजिनघर नको, चिमणी नको, चार मजले नकोत. पत्र्याची शेड आणि विजेचे मीटर पुरते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत चार-सहा मागांचे कारखाने घराच्या पुढच्या खोलीत उभे राहिले, त्यातले कित्येक माग गिरण्यांनी मोडीत काढलेले. १९८२ च्या संपाच्या आधीच हे माग गिरण्यांच्या साच्यांना भारी पडू लागले होते. मजुरी कमी, कायद्याचा जाच कमी, ही त्यामागची कारणे खरीच, आणि त्यांची किंमत तिथल्या कामगारांनी मोजली. पण विजेच्या तारेने मागाला इंजिनापासून सोडवले नसते, तर तो गिरणीच्या भिंतीबाहेर पडूच शकला नसता.