वर्गातल्या क्लिकरने मुलांच्या मेंदूला इजा होते का?

कोथरूडपासून हडपसरपर्यंत पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय: उत्तर देण्यासाठी मुलांना दिलेला क्लिकर (बटणांचं छोटं उपकरण) तासभर घातक लहरी सोडतो आणि मेंदूला इजा करतो. आपल्या मुलांचा प्रश्न आहे, काळजी वाटणारच.

जुने क्लिकर टीव्हीच्या रिमोटसारखे इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतात. त्यात रेडिओ लहरी नसतातच. नव्यांपैकी बरेच २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ब्लूटूथ आणि वायफायच्याच पट्ट्यात चालतात. मूल बटण दाबतं तेव्हा उपकरणाचा क्रमांक आणि निवडलेला पर्याय, एवढंच क्षणार्धात रिसीव्हरकडे जातं. क्ष-किरणांसारखी रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते.

पडताळायचं असेल तर सेल बघा. छोट्याशा सेलवर क्लिकर महिनोन्‌महिने चालतो. तो सतत लहरी सोडत असता तर सेल काही दिवसांतच संपला असता. जुना क्लिकर फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनवर दिवा लुकलुकताना दिसतो. नव्याची वारंवारता माहितीपत्रकात सापडते. पालकसभेत ते मागायला काहीच हरकत नाही.

त्याच सभेत मला जास्त महत्त्वाचा वाटणारा प्रश्नही विचारा: मुलांची उत्तरं नावासकट कुठे आणि किती काळ साठवली जातात?