पोडावरच्या शाळेचा कायदा कुठे घडतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलामांच्या पोडावर म्हणजे पाड्यावर, मेळघाटातल्या कोरकू गावात, गडचिरोलीच्या एखाद्या टोल्यावर म्हणजे छोट्या वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा असते. तिथे किती गुरुजी राहतील, सहावी-सातवीचा वर्ग चालेल की नाही, मुळात शाळा तरी टिकेल का, हे ठरवणारे कागद गेल्या काही वर्षांत झपाट्याने निघत आहेत. पालकांना त्यांचा पत्ता लागतो तो गुरुजींच्या समायोजनाचा, म्हणजे जादा ठरवून दुसऱ्या शाळेत पाठवण्याचा, आदेश आल्यावर. या कागदांवर वेळीच नजर ठेवायची असेल, तर ते कुठून निघतात आणि तिथून का निघू लागले, हे माहीत हवे.

विदर्भातल्या शाळांचा कायदा मुंबईत जन्मलेला नाही. नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती. मध्यप्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० चा. आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची वाट त्याने स्थानिक संस्थांना मोकळी करून दिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने तहसिलीच्या पातळीवर जनपद सभा आल्या आणि गावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, पण राज्य बदलले म्हणून कायदे बदलले नाहीत. मुंबईचा १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा पश्चिम महाराष्ट्रात, तर इकडे जुन्या मध्य प्रदेशाचेच कायदे, असा कारभार पुढे काही वर्षे चालला. शाळेच्या जागेचा किंवा नोंदीचा जुना कागद वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

खरा बदल झाला तो पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या माणसाच्या हातून. महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांचा १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. कायद्यानेच शिक्षण समिती घालून दिली, तिच्यावर निवडून आलेले सदस्य बसले. शाळेला खोली हवी, गुरुजी हवेत, तर गावकरी आपल्या सर्कलच्या सदस्याला गाठत. निर्णय घेणारा माणूस ओळखीचा होता आणि पाच वर्षांनी त्याला पुन्हा दारात यायचेच होते. या व्यवस्थेत राजकारण होते, बदल्यांचे वशिले होते, हे खरे. पण दाद मागायची जागा जिल्ह्यात होती, आणि ती जागा आता जवळजवळ उरलेली नाही याचे मला मनापासून दुःख आहे.

ती एका दिवसात गेली नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, म्हणजे दिल्लीलाही कायदा करता येऊ लागला. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली : नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. ही योजना शासन निर्णयाने आली, ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो. २७ फेब्रुवारी २०१७ च्या जीआरने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या, आणि त्याच वर्षी शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल आणायचे ठरले. बदल्यांतला वशिला कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. मात्र नेमणूक आणि बदली या दोन्ही गोष्टी जिल्ह्याच्या हातून निसटल्या. १९६१ च्या कायद्यात शिक्षण समिती आजही आहे, तिच्यासमोर यायचे विषय मात्र आटले.

मधल्या काळात शिक्षण हक्क कायदा आला. केंद्राचा हा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि राज्याने २०११ मध्ये त्याचे नियम केले. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे त्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे, म्हणजे पट आठ असला तरी दोन. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हेही त्यातच आहे. लहान गावासाठी याहून भक्कम आधार कुठल्याच कायद्यात नाही.

दुसरा एक कायदा मात्र अनेकांच्या नजरेतून सुटला. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात जिल्हा परिषद शाळेबद्दल काही नाही. पण त्याने विनाअनुदानित खाजगी शाळा काढण्याची वाट सोपी केली. तालुक्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी गाडी सकाळी फाट्यावर उभी राहू लागली आणि गावच्या शाळेचा पट उतरू लागला. आपल्या शाळेचे नाव नसलेला कायदाही वाचावा लागतो, तो यासाठी.

पट उतरला की संचमान्यता येते. कोणत्या शाळेत किती शिक्षकपदे मंजूर, हे ती ठरवते, आणि तिचे निकष जीआरमध्ये असतात. २८ ऑगस्ट २०१५ चे निकष १५ मार्च २०२४ ला बदलले. पहिली ते पाचवीचा पट वीसपर्यंत असेल, तर एक नियमित शिक्षक आणि गरज पडल्यास दुसरा निवृत्त शिक्षकांतून, असे त्यात आले. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील, तर नियमित पदच उरत नाही. शिक्षण हक्काचा कायदा तोच राहिला, त्यात विधिमंडळाने काही बदलले नाही. तरी टोल्यावरच्या शाळेत त्याचा अर्थ बदलला. सप्टेंबर २०२४ मध्ये वीस किंवा कमी पटाच्या शाळांत एक पद कंत्राटी करण्याचा जीआर निघाला, त्याच महिन्यात ती मर्यादा दहावर आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयच रद्द झाला. गणवेशाचेही तसेच : २०२४ मध्ये खरेदी शाळा व्यवस्थापन समितीकडून काढून राज्यपातळीवर नेली, वर्ष संपता संपता परत समितीला दिली. अशा उलटसुलट निर्णयांचा माग विधेयकांच्या यादीत सापडणार नाही.

त्यात भर पडली ती निवडणुका रखडल्याची. अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा या जिल्ह्यांत शिक्षण समितीवर निवडून आलेले कोणी नव्हते. पुण्याच्या पानशेतच्या आणि नंदुरबारच्या तोरणमाळच्या समूह शाळांचे उदाहरण पुढे केले गेले. पण नाल्याला पूर आला की पोडावरचे सहा वर्षांचे पोर दोन किलोमीटरही जाऊ शकत नाही, हे त्या प्रस्तावावर कोणी लिहायचे? पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हा नियम नकाशावर मोजला जातो.

विधिमंडळात तरी कोण बोलणार, हाही प्रश्न आहेच. हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, शिक्षकांचे मोर्चे निघतात. विधान परिषदेत नागपूर आणि अमरावती विभागाचे शिक्षक आमदार आहेत. पण घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्या मतदारसंघात माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांनाच मत आहे. पहिली ते चौथी शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना ते नाही.

म्हणून नजर तीन ठिकाणी ठेवावी लागते : विधेयके, राजपत्रातले नियम आणि शासनाच्या संकेतस्थळावरचे जीआर. तिघांचे वजन सारखे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या ३८ व्या कलमाप्रमाणे राज्याचे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात, म्हणजे आमदाराला त्यावर विचारता येते. नियम मूळ कायद्याच्या विरोधात असेल, तर तो टिकतही नाही. खाजगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या २५ टक्के प्रवेशांच्या नियमातला ९ फेब्रुवारी २०२४ चा बदल मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला रद्द केला, तो याच कारणाने. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत महिन्याला नवे जीआर वाचून दाखवायला अर्धा तास पुरतो, आणि केंद्रप्रमुखांकडे ते मागायला कोणाची परवानगी लागत नाही.

सध्या सगळ्यांत जवळची तारीख आहे ती टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला : निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी. तिचे मूळ शिक्षण हक्क कायद्याच्या २३ व्या कलमाखाली निघालेल्या २०१० च्या अधिसूचनेत आहे. त्याआधी नेमणूक झालेले कितीतरी गुरुजी विदर्भातल्या लहान शाळा सांभाळून आहेत. ही मुदत २०२७ च्या सप्टेंबरात भरेल, आणि ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते तोही तोच महिना.