बर्सायटिस

सांध्याभोवती असलेल्या बर्सा नावाच्या पिशवीचा दाह म्हणजे बर्सायटिस. दुखते सांध्यापाशी, पण बिघाड बहुधा सांध्याच्या बाहेर असतो. त्यामुळे पुष्कळदा त्याला सरसकट ‘संधिवात’ म्हटले जाते.

शरीरात अशा सुमारे 150 पिशव्या आहेत. हाडावरून कातडी, स्नायू किंवा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सरकते तिथे त्या असतात. निरोगी पिशवी चपटी असते. तिच्यात वंगणापुरताच बुळबुळीत द्रव असतो. सततचे घर्षण, दाब किंवा मार यांमुळे अस्तर जाड होते, द्रव वाढतो आणि पिशवी फुगते. गाउट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा विकार) व र्‍हुमॅटॉइड संधिवात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटणे) यांतही असे होते.

गुडघे टेकून काम करणाऱ्यांना वाटीच्या पुढे सूज येते. कोपर टेकून बसणाऱ्यांच्या कोपराच्या टोकावर मऊ गोळा लोंबतो, कधीकधी जराही न दुखता. खांद्यात मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात कळ येते, कारण तेवढ्यात पिशवी दोन हाडांमध्ये चिमटते. त्या कुशीवर झोपणेही नकोसे होते. कमरेच्या बाजूचे दुखणे पूर्वी सर्रास बर्सायटिस समजले जाई. आता त्यातले बरेचसे नितंबाच्या स्नायूंच्या कंडरांचे असल्याचे मानतात.

तपासताना गुडघा किंवा कोपर दुसऱ्याने अलगद हलवून पाहावे. सांध्यातच दाह असेल तर प्रत्येक हालचाल दुखते. बर्सायटिसमध्ये सांधा बराचसा मोकळा असतो, पूर्ण वाकवल्यावर कातडी ताणली की तेवढे दुखते.

दाब पडणारे काम थांबवणे हा पहिला उपचार. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. सोबत मऊ गादी व सूज उतरवणाऱ्या गोळ्या. मूत्रपिंडाचा विकार किंवा अल्सर असणाऱ्याने या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. खांदा झोळीत अडकवून ठेवला तर तो आखडतो, म्हणून हलका व्यायाम चालूच ठेवावा.

लाली, गरमपणा, ताप किंवा कातडीवर जखम असेल तर जंतुसंसर्ग धरूनच चालावे. तो बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा असतो. द्रव सुईने काढून जंतू व गाउटचे स्फटिक तपासतात आणि प्रतिजैविके देतात. संसर्ग नाही याची खात्री होण्याआधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ नये. घरी सुई टोचून गोळा रिकामा करणे तर निव्वळ आगाऊपणा: द्रव पुन्हा भरतो आणि सुईबरोबर जंतू आत जातात. वारंवार फुगणारी पिशवी शेवटी शस्त्रक्रियेने काढतात.