पार्श्वभूमी : नॅनोकण आणि ‘लक्ष्यवेधी’ या शब्दाचा घोळ

कर्करोगाचे औषध विघटनशील (शरीरात हळूहळू मोडणाऱ्या) पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाच्या, नॅनोकणात (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कणात) भरून द्यायचे, ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. त्यातले मुख्य पॉलिमर आले शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या टाक्यांतून. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांपासून बनलेले ते धागे 1970च्या दशकातच रुळले होते, त्यामुळे शरीर हा पदार्थ पचवते का, याची काळजी औषधवाल्यांना फारशी करावी लागली नाही. 1989 साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी महिन्यातून एकदा घ्यायचे संप्रेरकाचे इंजेक्शन मंजूर झाले. त्यातले कणही याच पॉलिमरचे होते, फक्त मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाचे, म्हणजे नॅनोकणांहून मोठे. ते टोचल्या जागी बसून औषध झिरपवत.

रक्तात फिरायचे म्हटले की अडचण यकृताची. साधे कण ते काही मिनिटांत गिळून टाकते. 1994 मध्ये कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचे आवरण चढवल्यावर ते रक्तात बराच जास्त वेळ टिकतात, हे प्राण्यांत दिसले. या क्षेत्राचा खरा उत्साह तिथून सुरू होतो.

घोळ मात्र त्याआधीच, 1986 साली, सुरू झाला होता. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला लसीकेचा (ऊतींतून वाहून जाणाऱ्या द्रवाचा) निचरा तुंबलेला असतो, म्हणून मोठे रेणू तिथे साचतात, असे निरीक्षण तेव्हा मांडले गेले. पुढे यालाच ‘पॅसिव्ह टार्गेटिंग’ (आपोआप होणारा लक्ष्यवेध) म्हणू लागले आणि मराठीत त्याचे सरसकट ‘लक्ष्यवेधी’ झाले. माझ्या मते इथेच फसगत झाली. कण नेम धरत नाही. तो रक्तासोबत वाहतो आणि जिथे फट सापडेल तिथे अडकतो. उंदरांत वेगाने वाढवलेल्या गाठींत अशा फटी भरपूर असतात, माणसांत मात्र त्या रुग्णागणिक आणि एकाच गाठीतही जागोजागी बदलतात.

2016 मध्ये दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणारा भाग मध्यकानुसार 0.7 टक्के निघाला. आकडा गाजला, जरा जास्तच. नुसते औषध टोचले तर किती पोचते, ही तुलना त्याच्याजवळ ठेवायला हवी होती. तो मोजण्याच्या पद्धतीवरही नंतर आक्षेप आले.

त्याच वर्षी, पृष्ठभागावर खरोखरच गाठीच्या पेशी ओळखणारा रेणू लावलेले आणि आत डोसिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध भरलेले कण बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. 2017 मध्ये यकृताच्या कर्करोगावरचे, डॉक्सोरुबिसिन हे औषध भरलेले विघटनशील कण तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आयुष्य वाढवू शकले नाहीत.

याउलट 2005 साली मंजूर झालेले अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या कणांतले पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध चालले. त्याचा सरळ फायदा असा, की पॅक्लिटॅक्सेल विरघळवण्यासाठी लागणारा, ॲलर्जी उठवणारा एरंडेलजन्य द्रावक गाळता आला. दक्षिण कोरियात 2007 मध्ये आलेल्या पॉलिमर मायसेलचेही (पाण्यात आपोआप गोळा होणाऱ्या पॉलिमर-रेणूंच्या गोळीत भरलेल्या पॅक्लिटॅक्सेलचेही) तेच. दोन्हींत नेमबाजीपेक्षा त्रासदायक द्रावक टाळणे हेच मोठे काम होते, पण जाहिरात कशाची झाली ते सर्वांना ठाऊक आहे.

2020 मध्ये फटींचा सिद्धान्तच डळमळला. उंदरांच्या गाठीत शिरलेल्या कणांपैकी 97 टक्क्यांपर्यंत कण फटींतून नव्हे, तर वाहिनीच्या अस्तरातल्या पेशींमार्फत सक्रियपणे आत गेले, असा निष्कर्ष निघाला. तो प्रयोग सोन्याच्या कणांवर होता. विघटनशील पॉलिमरला तो जसाच्या तसा लावणे ही पुन्हा तीच घाई ठरेल.