सुजलेल्या दाढेला भूल का चढत नाही?

“दोतोर, अजून दुखता!” सुई टोचून दहा मिनिटे झालेली असतात. ओठ जड पडलेला असतो, अर्धी जीभ बधिर असते, आणि तरी दाढेला पकड लागताच माणूस खुर्चीत उसळतो. गोव्यातल्या कुठल्याही दंतवैद्याला हे दृश्य नवे नाही. बाहेर बाकावर बसलेली घरची माणसे मग आपापली कारणे काढतात. औषध जुने असेल. डॉक्टर नवखा असेल. आणि सगळ्यांचे लाडके कारण म्हणजे, पिणाऱ्याला भूल चढत नाही.

हे शेवटचे कारण आधी निकालात काढू. रोज फेणी घेणाऱ्याचे यकृत औषधे भराभर मोडते, म्हणून भूल टिकत नाही, असा हा तर्क आहे. पण दाढेजवळ टोचलेल्या लिग्नोकेनचा, म्हणजे भुलेच्या औषधाचा, असर यकृतामुळे उतरत नाही. औषध मज्जातंतूपाशी आहे तोवर ते काम करते. तिथले रक्त ते हळूहळू वाहून नेते तसतशी भूल उतरते. यकृताची पाळी त्यानंतर येते. उलट वर्षानुवर्षे पिऊन यकृत खराब झालेल्या माणसाच्या रक्तात हे औषध जास्त वेळ रेंगाळते. त्यामुळे ‘याला डबल डोस द्या’ हा सल्ला त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचा. पिणे डॉक्टरांपासून लपवू नये ते यासाठी.

खरे कारण दाढेच्या मुळाशी साचलेल्या आम्लात आहे. ते समजण्यासाठी भूल मुळात कशी चढते हे पाहावे लागेल.

मज्जातंतूच्या आवरणात प्रथिनांच्या अतिसूक्ष्म वाहिन्या असतात. एरवी त्या मिटलेल्या असतात आणि तंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. दाताला इजा झाली की वाहिन्या उघडतात, बाहेरचे सोडियम आयन आत घुसतात आणि तो भाग क्षणभर धन होतो. त्या धक्क्याने शेजारच्या वाहिन्या उघडतात, मग त्यांच्या शेजारच्या. वेदनेचा संदेश असा मेंदूपर्यंत धावतो. लिग्नोकेन या सोडियम वाहिन्या बंद पाडते, एवढे बहुतेकांनी वाचलेले असते. मात्र ते वाहिनीच्या तोंडाशी बाहेरून बूच बसवत नाही. ते तंतूच्या भिंतीतून आत शिरते आणि वाहिनीला आतून कडी घालते.

यात एक अडचण आहे. तंतूचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते. लिग्नोकेनचा रेणू दोन रूपांत वावरतो. हायड्रोजनचा एक आयन चिकटलेला असला की त्याच्यावर धन विद्युतभार असतो. असा रेणू पाण्यात छान विरघळतो, पण स्निग्ध आवरणातून पार होत नाही. तो आयन सोडून दिला की रेणू उदासीन होतो आणि आवरणातून सहज आत जातो. पण वाहिनीला घट्ट धरून ठेवण्याचे काम मुख्यतः भारित रूप करते. म्हणजे रेणूने बाहेर भार उतरवायचा, भिंत पार करायची, आत पुन्हा भार घ्यायचा आणि मग वाहिनीत जाऊन बसायचे. या चारांतली एक पायरी अडली तरी भूल चढत नाही.

हे कळले कसे? म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, या प्राण्यामुळे. म्हापशाच्या बाजारात आपण माणकी म्हणून घेतो तीच. या कुळातल्या काही जातींमध्ये एक मज्जातंतू जवळपास एक मिलिमीटर जाड असतो. आपले वेदनेचे तंतू याच्या शेकडो पटींनी बारीक. इतका जाड तंतू पिळून रिकामा करता येतो आणि त्याच्या आत हवे ते द्रावण भरता येते. १९७० साली तोशिओ नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तंतूवर लिग्नोकेनचे भाऊबंद वापरून पाहिले. त्यांतले काही रेणू भार कधीच सोडू न शकणारे होते. ते बाहेरून लावले तर जवळजवळ काही झाले नाही. आतून सोडले तर तंतू मुका झाला. औषध आतून काम करते, हे अशा प्रयोगांतून पक्के होत गेले.

आता थोडे आकडे. द्रावण किती आम्ल आहे हे सामूने, म्हणजे पीएचने मोजतात. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. सामू एकाने उतरला की हायड्रोजनचे आयन दहापट होतात. लिग्नोकेनसाठी ७.९ हा सामू मधल्या रेषेसारखा आहे. तिथे निम्मे रेणू भारित असतात, निम्मे उदासीन. निरोगी ऊतींचा सामू ७.४ असतो. तिथे हिशेब केला तर शंभरांतले सुमारे २४ रेणू उदासीन निघतात, म्हणजे आत शिरायला तयार. सुजलेल्या, पू झालेल्या जागी जिवाणू आणि प्राणवायूला मुकलेल्या पेशी आम्ल तयार करत असतात. तिथला सामू ६.४ पर्यंत उतरला असे धरू. आता शंभरांतले फक्त ३ रेणू आत शिरू शकतात. सुई तीच, औषध तेच, डॉक्टर तोच, पण उपयोगी औषध एक अष्टमांश. उरलेले ९७ रेणू दाराबाहेर ताटकळतात. शिवाय सुजेमुळे तिथला रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि तो त्यांना वाहून नेतो.

बहुतेक माहितीपत्रके इथे थांबतात. पण हे स्पष्टीकरण खरे असले तरी पुरे नाही. खालच्या दाढेसाठी सुई दाढेपाशी टोचतच नाहीत. जबड्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला, मज्जातंतू हाडात शिरतो त्या छिद्राजवळ औषध सोडतात. ती जागा पुवापासून काही सेंटिमीटर लांब असते आणि तिथला सामू ठीक असतो. तरीही दुखऱ्या दाढेत ही भूल वरचेवर कमी पडते, कारण मज्जातंतूच बदललेला असतो. सुजेतली प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने वेदनेच्या तंतूंना इतकी हळवी करतात की एरवी ज्याची दखलही घेतली नसती अशा स्पर्शानेही ते पेटतात. त्यातच वेदनातंतूंमध्ये सोडियम वाहिनीचा एक खास प्रकार असतो. त्याला एनएव्ही १.८ म्हणतात. सुजेत तो जास्त कामाला लागतो आणि लिग्नोकेनला सहज दाद देत नाही. दाढेवर उपचार करण्याच्या तासभर आधी आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी दिली तर खालच्या जबड्याची भूल अधिक नीट चढते, हे अभ्यासांत दिसले आहे ते याच कारणाने. पण ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर ती महाग पडते, आणि पावसाळ्यात ताप अंगात असेल व डेंगीची शंका असेल तर ती टाळावीच.

खालच्या जबड्याची ही सुई देणे हे कौशल्याचे काम आहे. २५ किंवा २७ गेजची लांब सुई साधारण २० ते २५ मिलिमीटर आत जाते आणि हाडाला टेकते. मग ती मिलिमीटरभर मागे घ्यायची, पिचकारीचा दट्ट्या किंचित ओढून रक्त येत नाही ना पाहायचे, आणि सुमारे दीड मिलिलिटर औषध मिनिटभर वेळ घेऊन सोडायचे. हाड लागलेच नाही तर सुई फार मागे गेलेली असू शकते आणि औषध लाळग्रंथीत जाऊन तोंडाची एक बाजू काही तास लुळी पडते. ती पूर्ववत होते, पण माणूस घाबरतो. ते छिद्र प्रत्येकाच्या जबड्यात एकाच जागी नसते. म्हणून निष्णात हातांतूनही ही सुई कधी कधी चुकते. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने तिथे दाताजवळच औषध सोडले तरी झिरपून मुळापर्यंत पोहोचते.

इथे रुग्णाने ओळखायची एक गोष्ट आहे. ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली असे नाही. आणि काहीतरी कळते आहे म्हणजे भूल चढलीच नाही, असेही नाही. वेदनेचे तंतू बारीक असतात आणि लवकर बंद पडतात. दाब आणि ओढ कळवणारे तंतू जाड असतात, ते पुष्कळदा चालू राहतात. दाढ हलवताना ढकलल्यासारखे वाटेल, हाडातून कर्र आवाज येईल, ते ठीक आहे. तीक्ष्ण कळ मात्र येता कामा नये. आली तर हात वर करून लगेच सांगावे. दात-ओठ खाऊन सोसण्यात काही शौर्य नाही, कारण डॉक्टरकडे पुढचे उपाय असतात. दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत प्रत्येक मुळाशी ०.२ मिलिलिटर औषध दाबाने सोडता येते. पू असेल तर तो आधी काढून टाकता येतो. ‘पाच दिवस अँटिबायोटिक घेऊन सूज उतरू दे, मग बघू’ हे दरवेळी बरोबर नसते. मेलेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे गोळीतले औषध तिथे पोहोचत नाही. पुवाला वाट करून द्यावीच लागते.

औषधाच्या मात्रेबद्दल. दोन टक्के लिग्नोकेन म्हणजे दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. साध्या औषधाची मर्यादा दर किलो वजनाला सुमारे ४.५ मिलिग्रॅम, ॲड्रेनलिन मिसळलेल्याची ७. साठ किलोच्या माणसाला ही मर्यादा अनुक्रमे २७० आणि ४२० मिलिग्रॅम, म्हणजे साडेतेरा आणि एकवीस मिलिलिटर होते. दाढेला दोन-चार मिलिलिटर पुरतात, त्यामुळे धोका दूर असतो. सुई चुकून शिरेत गेली तर मात्र थोडे औषधही पुरते. तोंडाभोवती मुंग्या, धातूची चव, कानात घूं आवाज, मग बरळणे आणि झटके, असा तो क्रम असतो. दट्ट्या मागे ओढून पाहण्याची ती एक सेकंदाची कृती यासाठीच.

ॲड्रेनलिन घालतात ते रक्तवाहिन्या आवळण्यासाठी. साध्या लिग्नोकेनने दात जेमतेम पाच-दहा मिनिटे बधिर राहतो. ८० हजारांत एक किंवा एक लाखात एक या प्रमाणात ॲड्रेनलिन मिसळले की साधारण तासभर. पण ॲड्रेनलिन टिकावे म्हणून हे द्रावण मुद्दाम आम्ल ठेवतात, सामू जवळपास चार, टोमॅटोच्या रसाइतका. टोचताना आग होते तिचे हे एक मोठे कारण. कोयता लागून कापलेल्या पोटरीला किंवा हाताला टाके घालताना ही आग कमी करता येते. दहा मिलिलिटर लिग्नोकेनला ८.४ टक्क्यांच्या निर्जंतुक सोडियम बायकार्बोनेटचा एक मिलिलिटर मिसळायचा आणि लगेच वापरायचे. ठेवून दिले तर ॲड्रेनलिन नासते. सोडा जास्त झाला तर औषधाचा साका तळाशी बसतो. बारीक सुई, अंगाइतके कोमट औषध आणि सावकाश हात यांची जोड असेल तर टोचणे जवळपास जाणवत नाही. एवढे स्वस्त तंत्र अजून सगळीकडे वापरले जात नाही, हे खरोखर खेदाचे आहे.

‘मला भुलेच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ असेही खूपजण सांगतात. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार विरळा. छाती धडधडली असेल तर ते ॲड्रेनलिन. घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली असेल तर ती बहुधा भीतीने आलेली घेरी, उपाशीपोटी आलेल्याला हमखास येणारी. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले की माणूस दोन मिनिटांत सावरतो. अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल तर मात्र ते नक्की सांगावे आणि तपासून घ्यावे.

भीती वेदना वाढवते ही कल्पना नव्हे. आणि या विषयात पहिल्या काही शहाण्या माणसांत एक गोंयकार आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आडव्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला पुतळा आहे ना, तो संमोहनाचे अभ्यासक आबे फारियांचा. जन्म १७५६, कांदोळी. त्या काळी पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्याचे अनुयायी सांगत की माणसाला गुंगी येते ती एका अदृश्य चुंबकी द्रवामुळे. फारियांनी ठामपणे सांगितले की असा कुठलाही द्रव नाही, जे घडते ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात. ते १८१९ साली वारले. त्यांच्याच गोव्यात आज सांधेदुखीवर चुंबकाचे कडे विकत घेतले जावे, याचे वाईट वाटते. मज्जातंतूतले सोडियम असल्या चुंबकाला भीक घालत नाही. लवंगेच्या तेलाची गोष्ट वेगळी. त्यातले युजेनॉल खरोखरच मज्जातंतू काही काळ बधिर करते. मात्र ते कापसावर एक थेंब, किडलेल्या खड्ड्यात, एवढेच. हिरडीवर ओतले तर हिरडी भाजते. फेणीचा गुळणा धरल्यानेही तेच होते, आणि किड जागच्या जागी राहते.

भूल नीट चढली आणि दाढ निघाली तर पुढचे काही तास जपायचे. दातातली भूल तासाभरात ओसरते, पण ओठ आणि जीभ तीन ते पाच तास बधिर राहतात. या वेळात गरम हुमण, म्हणजे माशांची आमटी, वाढून घेऊ नये. ओठ भाजला तरी कळत नाही. बांगड्याचा काटा जिभेत रुतला तरी कळत नाही. लहान मुले तर बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतात. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा पडलेला दिसतो आणि आई पू झाला म्हणून धावत येते. तो पू नसतो, चावलेल्या जागेवर धरलेला थर असतो. अँटिबायोटिक लागत नाही. आठ-दहा दिवसांत जखम भरते. तोवर मऊ पेज, आणि ओठाला थोडे साधे व्हॅसलिन.