सडा, खाजन आणि तापलेला स्लॅब
मे महिन्यात भर दुपारी गोव्यात फोंड्याकडच्या एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेत जा आणि तिथून तसेच पणजीजवळच्या पर्वरीच्या नव्या कॉलनीत येऊन उभे राहा, फरक अंगालाच कळतो. ऊन दोन्हीकडे तेच, मग?

मुख्य कारण पाणी. जमिनीत शिरलेल्या उन्हाची ऊर्जा एकतर पाण्याची वाफ करण्यात जाते नाहीतर जमीन आणि हवा तापवण्यात. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट (वीजबिलातलं युनिट) ऊर्जा लागते, म्हणजे पोफळी, केळी, पाटाचं पाणी सगळ्यांनी मिळून १०० लिटर उडवलं तर ६८ युनिट उष्णता त्यात गेली. एवढी उष्णता बाहेर काढायला दीड टनाचा एसी जवळजवळ १३ तास फुल चालवावा लागेल, आणि एसी ती नाहीशी करत नाही, शेजारच्या गल्लीत ओततो. डांबर, पेव्हर आणि स्लॅबकडे उडवायला पाणीच नाही, त्यात नवं काळं डांबर ९० टक्क्यांहून जास्त ऊन शोषून घेतं आणि रात्रभर सोडत बसतं.

आता सॅटेलाइटचे ते लाल-निळे नकाशे. २०१३ पासून फिरणारा लँडसॅट ८ दर १६ दिवसांनी वरून जातो, तोही दुपार व्हायच्या आधी, आणि मोजतो ते हवेचं नाही तर पृष्ठभागाचं तापमान. त्यामुळे एप्रिलमधल्या नकाशात डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ, म्हणजे आपला सडा, झाडं असलेल्या शहरी वस्तीपेक्षाही लाल दिसू शकतो, आणि मग लोक म्हणतात सडा आधीच तापलेला, तिथे बांधलं तर काय बिघडलं. मला हे अजिबात पटत नाही! तोच सडा जूनमध्ये हिरवा होतो, जांभ्या दगडातून पाऊस आत मुरतो आणि पायथ्याला झरी होऊन निघतो, त्याच पाण्यावर खालची कुळागरं उभी आहेत. वर काँक्रीट घातलं की खालचा गारवाही हळूहळू जातो, आणि सकाळच्या एका फोटोत हे दिसत नाही.

खाजनाचंही, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीचंही तेच. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरतीचं पाणी आत-बाहेर होतं तोवर जमीन ओली राहते. आमच्या घरामागच्या खाजनात मागच्या उन्हाळ्यात मातीचे ट्रक रिकामे झाले, आता तिथे पार्किंग आहे. संध्याकाळचा खारा वारा अजून तिकडूनच येतो, फक्त आता तो त्या डांबरावरून गरम होऊन येतो.