देहदानाचा अर्ज आणि भावकीची संमती

मराठवाडा मुंबई राज्यात आला १९५६ ला. त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अंबाजोगाई आणि नांदेडची त्यानंतरची. शरीररचना शिकताना विद्यार्थ्यांसमोर टेबलावर यायचे ते मुख्यतः बेवारस मृतदेह. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याचा मूळ भरही त्यांच्यावरच होता. ज्याला कुणी नाही तो तिथं जातो, हा समज इकडच्या मनात बसला तो या व्यवस्थेमुळं. घरच्या माणसाला 'तिकडं दिलं' म्हटलं की लोक अजूनही आधी लेकांकडं बघतात.

लोक देहदान का करत नाहीत, तर धर्म आडवा येतो, हे उत्तर फार सोपं आहे. लातूर-नांदेडकडं लिंगायत समाजात दफन करतात, शेजारच्याच गल्लीत दहन. अंत्यविधीची एकच रीत इथं कधी नव्हती. राख सावडायला नसेल तर फोटो ठेवून दहावा-तेरवी करणारी घरंही आहेत.

२०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन ज्येष्ठ नेते वारले आणि दोघांचेही देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिले गेले. एक बंगालचे डावे माजी मुख्यमंत्री ज्योती बसू. दुसरे नानाजी देशमुख, चित्रकूटला राहिलेले, पण जन्मानं हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, संघाच्या मुशीतले. देहदान म्हणजे नास्तिकांचं काम, असं म्हणणाऱ्यांना तेव्हापासून कडोळीचं उदाहरण देता येतं.

खरा वाद संमतीचा. अर्जावर दात्याची सही असते, साक्षीदारांची असते, बहुतेक ठिकाणी जवळच्या नातेवाइकाचीही. पण माणूस गेल्यावर देह ज्यांच्या ताब्यात, तेच शेवटी ठरवतात. ते नाही म्हणाले की अर्ज कागदच राहतो, महाविद्यालय देह मागायला जात नाही. वादात पडायचं नाही हे प्रशासनाचं धोरण समजण्यासारखं आहे. तरी ज्यानं शुद्धीत सही केली त्याच्या शब्दाला मातीला आलेल्या एखाद्या चुलत्याच्या शब्दाएवढंही वजन नसावं, हे पटत नाही. एक मुलगा पुण्याला, लेक-जावई वाटेत, भावकी अंगणात बसलेली. अशा वेळी 'बापाची माती पण केली नाही' हे ऐकून घ्यायची छाती किती जणांत असते? देहदानाच्या प्रत्येक शिबिरातल्या भाषणात देवांना स्वतःची हाडं देणारे दधीची ऋषी येतात. त्यांच्या भावकीला कुणी विचारलं होतं का, हे वक्ते सांगत नाहीत.

त्यात वेळ. देह काही तासांत पोचवावा लागतो, म्हणजे फॉर्मॅलिन भरून टिकवता येतो. किनवटच्या आतल्या गावातून नांदेड शंभरावर किलोमीटर. मे महिन्यातलं ऊन, रात्री मृत्यूचा दाखला द्यायला डॉक्टर नाही. अपघाती मृत्यू आणि शवविच्छेदन झालेले देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान झालेलं चालतं. अवयवदानाला मात्र १९९४ चा वेगळा कायदा आहे. लोक दोन्हीची गल्लत करतात आणि एकाच अर्जात दोन्ही होईल असं धरून चालतात.

करोनाकाळात देह स्वीकारणंच जवळपास थांबलं. तेवढ्यात धाराशिव, परभणी आणि मागोमाग जालना, हिंगोलीला नवी शासकीय महाविद्यालयं आली. शरीररचनेचा विषय पहिल्याच वर्षाला असतो, म्हणजे देहांची गरज सुरू झाली ती पहिल्या तुकडीपासूनच. अर्जातली नातेवाइकांच्या संमतीची अट जुनीच आहे.